पंधरा वर्षांचा, एक मीटर नव्वदचा: ताडमाड खेळाडूची फुटबॉलमधली जागा कोणती?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा येत्या फेब्रुवारीत पंधरा वर्षांचा होईल. स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलने खूण करायची आमच्याकडे पद्धत आहे. गेल्या रविवारी त्याला सहज तिथे उभा केला तर १.९० मीटर भरला, म्हणजे दीड वर्षात अकरा सेंटिमीटर वाढला, आणि नवी खूण करायला मला स्टुलावर चढावे लागले. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे घरात फुटबॉल वेगळा आणावा लागत नाही. माझे वडील तालमीच्या संघातून खेळले, मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगा खात मोठा झालो, आणि हा पोरगा सहाव्या वर्षापासून आघाडीला खेळतो आहे.

अडचण अशी की, त्याच्या प्रशिक्षकांनी जूनमध्ये त्याला आघाडीवरून काढून थेट गोलात उभे केले. कारण विचारले तेव्हा 'एवढी उंची वाया घालवायची का?' एवढेच उत्तर मिळाले. मुलगा घरी येऊन काही बोलत नाही, पण गोलरक्षकाचे हातमोजे तो दप्तराच्या तळाशी कोंबतो, हे मला दिसते.

माझा प्रश्न केवळ त्याच्यापुरता नाही. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलमध्ये उंच माणसांची रांग लागते, क्रिकेटमध्ये उंच गोलंदाज सर्वांना हवा असतो. मग व्यावसायिक फुटबॉलमध्ये दोन मीटरच्या वरचे मैदानी खेळाडू, म्हणजे गोलरक्षक सोडून बाकीचे, इतके थोडे का? आणि जे आहेत त्यांना उंचीने पुढे नेले, की उंचीकडे पाहण्याच्या नादात त्यांच्या पायांकडे कोणी नीट पाहिलेच नाही? जाणकारांनी लिहावे.

टाचणी

प्रशिक्षकांचे अजिबात चुकलेले नाही. गोलाची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते, आणि ती झाकण्यासाठी लांब हात लागतात. थिबो कोर्त्वा दोन मीटरचा आहे, डोनारुम्मा १.९६ मीटरचा, आणि व्हान डेर सार १.९७ मीटरचा होता. आपल्या गुरप्रीतसिंग संधूचेच पाहा. साडेसहा फुटांच्या आसपासचा हा मुलगा नॉर्वेच्या स्टाबेक संघात गेला आणि २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरून त्या स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय ठरला. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोह्यात आशियाई विजेत्या कतारला भारताने गोलशून्य बरोबरीत रोखले, तेव्हा छेत्री नव्हता, गुरप्रीत कर्णधार होता आणि एकामागून एक फटके त्याने अडवले. आघाडीवर हट्टाने खेळून तालुका पातळीवर थांबण्यापेक्षा गोलात राहून देशासाठी खेळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भोचक

उंच माणसाची अक्कल गुडघ्यात असते असे आमची आजी म्हणायची. फुटबॉल पायानेच खेळायचा असल्यामुळे अक्कल गुडघ्यात असणे ही सोयच म्हणायला हवी.

अर्धवेळ

टाचणी यांच्याशी असहमत. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या कारकिर्दीत आहे, आणि तो माणूस म्हणजे इंग्लंडचा आघाडीचा खेळाडू पीटर क्राउच.

क्राउच २.०१ मीटरचा आणि अंगाने काटकुळा. तो लिव्हरपूलला २००५ च्या उन्हाळ्यात आला आणि डिसेंबर उजाडेपर्यंत त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. त्याच ऑक्टोबरमध्ये पोलंडविरुद्ध इंग्लंडकडून बदली खेळाडू म्हणून तो मैदानात उतरला, तेव्हा स्वतःच्याच देशाच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. आठ महिन्यांनी, जून २००६ मध्ये, जमैकाविरुद्ध त्याच मैदानावर त्याने तीन गोल केले. त्या सामन्यातली गंमत अशी की, मध्येच मिळालेली पेनल्टी त्याने अलगद उचलून मारण्याचा प्रयत्न केला आणि चेंडू आडव्या खांबावरून बाहेर गेला. तरीही त्याने तिसरा गोल केलाच. कारकिर्दीच्या शेवटी इंग्लंडकडून ४२ सामने आणि २२ गोल अशी त्याची नोंद आहे. ही सरासरी पाहिली, तर त्याची टर उडवणाऱ्यांनी नंतर काय केले असेल असा प्रश्न पडतो.

आता मुख्य मुद्दा. प्रीमियर लीगमध्ये डोक्याने ५३ गोल करणारा क्राउच सर्वांना आठवतो, पण ज्याने मार्च २०१२ मध्ये स्टोककडून मँचेस्टर सिटीविरुद्ध दुरून, चेंडू जमिनीवर पडू न देता, उंच कमानीत व्हॉली मारली, तोही क्राउचच होता. गालातासारायविरुद्ध त्याने हवेत आडवे होऊन कात्री मारली होती. एवढे होऊनही इंग्लिश समालोचक 'उंच माणसाच्या मानाने पायात बरेच कसब आहे' हे पालुपद आळवतच राहिले. कसब आहे तर आहे म्हणावे, त्यात 'मानाने' कशाला हवे? इब्राहिमोविच १.९५ मीटरचा होता आणि २००४ च्या युरो स्पर्धेत त्याने इटलीविरुद्ध हवेत उडी घेऊन टाचेने गोल केला. तो टाच वापरू शकला, कारण लहानपणी त्याला कोणी 'तू फक्त डोके वापर' असे सांगितले नव्हते.

मिडऑफ

उंचीचा विषय निघाला आहे तर जोएल गार्नरला विसरून चालणार नाही. सहा फूट आठ इंचांचा हा गोलंदाज १९७९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ३८ धावांत ५ बळी घेऊन गेला, आणि कसोटीत त्याने २५९ बळी २०.९७ च्या सरासरीने मिळवले. आपल्या मुंबईचा ॲबी कुरुविला साडेसहा फुटांचा होता. १९९७ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात त्याने पदार्पण केले, १० कसोटींत २५ बळी घेतले आणि वर्ष सरायच्या आत कसोटीतून बाहेर गेला. पाकिस्तानचा सात फूट एक इंचाचा महंमद इरफान तर पूर्वी प्लास्टिकच्या पाइपांच्या कारखान्यात कामाला होता. २०१८ मध्ये कॅरिबियन लीगमध्ये त्याने चार षटकांत एक धाव देऊन दोन बळी घेतले.

क्रिकेटमध्ये उंचीचे गणित सोपे आहे. चेंडू जितक्या वरून सुटतो तितका तो टप्प्यानंतर जास्त उसळतो, आणि फलंदाजाला पुढे यावे की मागे जावे हे ठरवता येत नाही.

भोचक

बाराव्या प्रतिसादाच्या आत धाग्याचे क्रिकेट होते हा नियम आज चौथ्याच प्रतिसादाला सिद्ध झाला. मिडऑफ यांचे अभिनंदन.

मिडऑफ

भोचकराव, मूळ धागा धरून माझे लेखन पाचवे आहे. मोजणी गुडघ्याने केलेली दिसते.

तिरकी_उडी

मी स्वतः पाच फूट अकरा इंच आहे आणि विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळले आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहिणे हा माझा हक्क समजते. सर्वांनी पुरुष खेळाडूंचीच नावे घेतली म्हणून आधी वेंडी रेनारचे नाव नोंदवते. १.८७ मीटरची ही फ्रेंच बचावपटू मार्तिनिकहून लिओंला आली. २०१९ च्या महिला विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्धच्या उद्घाटनाच्या सामन्यात तिने डोक्याने दोन गोल केले. कॉर्नर उचलला गेला की समोरच्या बचावफळीतल्या तिघी तिच्या अंगाला चिकटतात आणि त्यामुळे बाकीच्या मोकळ्या सुटतात. उंच खेळाडूचा हा उपयोग धावफलकावर कधीच दिसत नाही.

जागा बदलण्याविषयी मात्र मला टाचणी यांची बाजू थोडी घ्यावीशी वाटते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधला पुरुष व्हॉलीबॉलचा अंतिम सामना मी तीनदा पाहिला आहे. ब्राझील दोन सेट पुढे होता आणि तिसऱ्यात सुवर्णपदक एका गुणावर आले होते. रशियाचे प्रशिक्षक अलेक्नो यांनी तोवर जाळ्याच्या मध्यभागी खेळणाऱ्या २.१८ मीटरच्या दिमित्री मुसेर्स्कीला उजव्या टोकाला, मुख्य फटकेबाजाच्या जागी नेले. त्याला त्या जागी रोखायचे कसे याचा अंदाज ब्राझीलला अखेरपर्यंत आला नाही. मुसेर्स्कीने ३१ गुण मिळवले आणि रशियाने सामना ३-२ असा जिंकला. जागा बदलणे म्हणजे शिक्षाच असते असे नाही. आपल्याला तिथे का नेले हे त्या मुलाला कळले पाहिजे, एवढे पुरे.

उंच मुलीला काय ऐकावे लागते यावर स्वतंत्र धागा निघेल. 'हिला नवरा शिडी लावून शोधावा लागणार' हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या आत्यांकडून ऐकलेले आहे.

वैद्यबुवा

अस्थिरोग हा माझा व्यवसाय आहे, म्हणून धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाला शरीराच्या बाजूने उत्तर देतो.

माणूस सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात दहा टक्के मोठा झाला, तर त्याचे वजन सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते, पण हाडांचा आणि स्नायूंचा छेद फक्त एकवीस टक्क्यांनी वाढतो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार वाढतो. उडी मारून खाली येताना आणि धावता धावता एकदम वळताना हा फरक गुडघ्याला व घोट्याला जाणवतो. २.२९ मीटरचा याओ मिंग २००२ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतला गेला, आणि पायाच्या वारंवार होणाऱ्या दुखापतींमुळे २०११ मध्ये त्याला निवृत्त व्हावे लागले. फुटबॉलमध्ये तर नव्वद मिनिटे सतत थांबणे, वळणे आणि पुन्हा वेग घेणे चालू असते, आणि शरीराचा गुरुत्वमध्य खाली असलेल्याला ते स्वस्त पडते. मॅराडोना १.६५ मीटरचा होता आणि मेस्सी १.७० मीटरचा आहे, हा निव्वळ योगायोग नव्हे. शिवाय बास्केटबॉलची कडी ३.०५ मीटरवर टांगलेली असते, तर फुटबॉलचा चेंडू बराच वेळ गवतावर असतो. खेळाचे साहित्य जिथे ठेवले आहे तिथे पोचणारी शरीरे त्या खेळात गोळा होतात.

पंधराव्या वर्षाबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. या वयात हाडे आधी लांबतात, आणि स्नायूंची ताकद व शरीरावरचा ताबा काही महिने मागे राहतो. कालपर्यंत सहज थांबवलेला चेंडू आज पायाला लागून दोन मीटर पुढे जातो, कारण मेंदूच्या हिशेबात पाय अजून जुन्याच लांबीचा असतो. अशा काळात प्रशिक्षकाला वाटते की मुलाचे कसब गेले. ते गेलेले नसते. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा येऊन दुखत असेल तर उड्या आणि धावणे काही आठवडे कमी करावे. बहुतेकांचे आपोआप थांबते.

एक सावधगिरीही सांगतो. बहुतेक उंच मुले पूर्णपणे निरोगी असतात. पण दोन्ही हात पसरून मोजलेली लांबी उंचीपेक्षा बरीच जास्त असेल, बोटे फार लांब असतील, किंवा घरात कोणी तरुणपणी हृदयाच्या आजाराने अचानक गेले असेल, तर हृदयाची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १.९६ मीटरची होती, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकलेली. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना ती बाजूच्या बाकावर कोसळली आणि गेली. तिला मार्फान सिंड्रोम, म्हणजे शरीर बांधून ठेवणाऱ्या ऊती आणि हृदयाची महाधमनी कमकुवत करणारा आनुवंशिक विकार, आहे हे शवविच्छेदनानंतर कळले. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच दोष सापडला आणि शस्त्रक्रियेने तो वाचला.

रंकाळाकाठ

वैद्यबुवा, मनापासून आभार. चेंडू पायाला लागून पुढे जातो हे तुम्ही लिहिले आहे, तेच मी मे महिन्यात डोळ्यांनी पाहिले. शाळांच्या एका सामन्यात साधा पास त्याच्या पायातून निसटला, तेव्हा माझ्या मागे बसलेले एक आजोबा ओरडले, 'आरं लंबू, चेंडू खाली हाय, ढगात बघू नगंस!' सगळी बाजू हसली. मीसुद्धा हसलो, आणि ते अजून टोचते आहे.

दुसरा त्रास असा की, प्रत्येक स्पर्धेत समोरचा संघ त्याच्या वयावर हरकत घेतो. जन्मदाखल्याची प्रत आता त्याच्या किटमध्ये नडगीच्या पॅडबरोबर कायमची असते.

टाचणी

वयाच्या हरकतीबद्दल चिडू नका. आपल्याकडे वय चोरण्याचे प्रकार इतके झाले आहेत की शंका घेणाऱ्याला दोष देता येत नाही. सतरा वर्षांखालील विश्वचषकात फिफाने २००९ पासून मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली ती यामुळेच.

बाकी, अर्धवेळ यांनी क्राउचचे उदाहरण दिले खरे, पण एका क्राउचमागे किती उंच मुले आघाडीवर हट्ट धरून घरी बसली असतील, त्यांची कोणी मोजदाद केली आहे का?

अर्धवेळ

आणि गोलात उभे करून घरी बसलेल्यांची तुम्ही केली आहे का? बेल्जियमचा २.०८ मीटरचा क्रिस्टॉफ व्हान हाऊट घ्या, तोही गोलरक्षकच. कोर्त्वापेक्षा आठ सेंटिमीटर उंच. उंचीवरच भागत असते तर बेल्जियमच्या गोलात तोच दिसला असता.

टाचणी यांच्यासाठी यान कोलरची गोष्ट सांगतो. २.०२ मीटरचा हा चेक खेळाडू लहानपणी गोलरक्षक म्हणूनच तयार झाला होता. पुढे तो आघाडीला आला आणि देशासाठी ९१ सामन्यांत ५५ गोल करून चेक संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. नोव्हेंबर २००२ मध्ये जर्मन लीगमध्ये बायर्नविरुद्ध त्याच्या डॉर्टमुंड संघाचा गोल त्यानेच केला होता. नंतर गोलरक्षक लेमानला लाल कार्ड मिळाले, आणि कोलर हातमोजे चढवून गोलात उभा राहिला. डॉर्टमुंड २-१ ने हरला, परंतु कोलर गोलात असताना बायर्नला एकदाही चेंडू आत घालता आला नाही. म्हणजे दोन्ही कामे येणारा माणूस असू शकतो, फक्त त्याला दोन्ही शिकू द्यावी लागतात.

भोचक

म्हणजे एकाच पगारात दोन माणसे. हा मुद्दा तालमीच्या खजिनदारांना नक्की पटेल.

आम्स्टेलकाठ

मी गेली नऊ वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो. येथे कार्यालयातल्या प्रसाधनगृहाच्या आरशात मला स्वतःचे फक्त कपाळ दिसते, त्यामुळे या विषयावर मी रोज खालच्या बाजूने अभ्यास करत असतो.

माझी मुलगी येथील क्लबमध्ये खेळते. लहान वयात सहा-सहा जणांचे संघ छोट्या मैदानावर खेळवतात, लांब फटका मारायला जागाच नसते, आणि त्यामुळे वर्गातला सर्वांत उंच मुलगाही चेंडू पायात घेऊन वळायला शिकतो. आपल्याकडे दहा वर्षांची मुले पूर्ण मैदानावर अकरा-अकरा खेळतात. तिथे सर्वांत उंच मुलाला मागे किंवा गोलात उभे केले की स्पर्धा जिंकता येते, आणि ती करंडकाची घाई त्या मुलाला पुढे पाच वर्षांनी महागात पडते. धागाकर्त्यांच्या प्रशिक्षकांवर मी टीका करत नाही. त्यांनाही करंडक मागणारे वरिष्ठ असतील.

गोलरक्षकांविषयी टाचणी यांना एक उदाहरण देतो. २०२२ च्या विश्वचषकात आमच्या इथल्या संघाने २.०३ मीटरच्या आंद्रीस नोपर्टला गोलात उभे केले. देशासाठी त्याचा पहिला सामना थेट विश्वचषकातला, सेनेगलविरुद्धचा, आणि तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या आधी काही वर्षे सततच्या दुखापतींमुळे घरच्यांनी त्याला खेळ सोडून पोलिसात भरती होण्याचा सल्ला दिला होता, असे तेव्हा येथील वर्तमानपत्रांत आले होते. उंच गोलरक्षक उशिरा पिकतो. पंधराव्या वर्षी त्याला गोलात घातले नाही म्हणून गाडी सुटत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

तिरकी_उडी

आम्स्टेलकाठ यांच्याशी सहमत. बास्केटबॉलमध्येही हेच झाले आहे. २.२४ मीटरच्या व्हिक्टर वेम्बान्यामाला कडीखाली उभे करून ठेवले नाही, तो चेंडू टप्पे मारत पुढे नेतो, लांबून टाकतो, आणि म्हणूनच २०२३ मध्ये अमेरिकेच्या लीगच्या निवडीत त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. लहानपणी तो फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता हेही येथे नोंदवून ठेवते, म्हणजे दोन्ही पक्षांना समाधान मिळेल.

मिडऑफ

टेनिसमधली एक गोष्ट सांगून गप्प बसतो. २.११ मीटरचा कार्लोविच आणि २.०८ मीटरचा इस्नर यांच्या सर्व्हिसला उत्तर देणे कठीण जायचे. इस्नरने २०१० मध्ये विम्बल्डनला ११ तास ५ मिनिटे चाललेला सामना पाचव्या सेटमध्ये ७०-६८ असा जिंकला आणि त्यात ११३ बिनतोड सर्व्हिस मारल्या. तरीही पुरुष एकेरीचे ग्रँड स्लॅम जिंकलेले सर्वांत उंच खेळाडू १.९८ मीटरवर थांबतात, मग तो देल पोत्रो असो, चिलिच असो की मेदवेदेव. सर्व्हिस वरून येते, पण परतलेला चेंडू पायाशी पडतो. वैद्यबुवांचे वळण्याचे गणित येथेही लागू पडते.

वैद्यबुवा

धागाकर्त्यांना एक प्रश्न: गेल्या वर्षभरात मुलाच्या बुटाचा नंबर वाढला का? पावले उंचीच्या आधी वाढतात आणि आधी थांबतात. नंबर थांबला असेल तर उंचीही लवकरच थांबेल, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

रंकाळाकाठ

वैद्यबुवा, गेल्या दिवाळीत दहा नंबर होता, आता बारा आहे. तेव्हा चौकटीवरची पुढची खूण मला शिडीवरून करावी लागेल असे दिसते.

काल धीर करून प्रशिक्षकांना भेटलो. तिरकी_उडी यांचा मुसेर्स्की आणि अर्धवेळ यांचा कोलर अशा दोन्ही गोष्टी सांगितल्या. कोलरची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. मग असे ठरले की स्पर्धा संपेपर्यंत तो गोलात उभा राहील, कारण दुसरा गोलरक्षक तयार नाही, हे खरे कारण त्यांनी पहिल्यांदाच सांगितले. सरावाचे निम्मे दिवस मात्र तो आघाडीला, लहान मैदानावर खेळेल. मुलाला घरी येऊन हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, 'मग आधीच सांगायचं ना, माणूस नाही म्हणून.' हातमोजे आज दोरीवर वाळत आहेत.

आता नवीन अडचण बुटांची आहे. कोल्हापुरात बारा नंबरचे स्टड मिळत नाहीत. एका दुकानदाराने तर 'मुलाला बास्केटबॉलला घाला' असा सल्ला दिला.

आम्स्टेलकाठ

माझ्या इथल्या साध्या दुकानात बारा, तेरा आणि चौदाही फळीवर मांडलेले असतात. मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीला येतो आहे. कागदावर त्याचे पाऊल ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढा आणि माप मला निरोपातून कळवा. अर्धा नंबर मोठाच आणतो.

रंकाळाकाठ

फार उपकार झाले. पाऊल लगेच काढले. ए-फोरचा कागद पुरला नाही, दोन चिकटवावे लागले.